भिंतीवरचं काळं आणि मागची गल्ली

वाचकाचं पत्र:

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. त्याची आठवण म्हणून दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर आम्ही सगळ्यांनी मिळून चित्र काढलं. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. आराखडा माझ्या एका माजी विद्यार्थ्याने केला, रंग गल्लीतल्या लहानथोरांनी भरले, खर्च वर्गणीतून झाला. पाणी जिथवर चढलं तिथे निळी रेघ, होडीतून म्हाताऱ्यांना नेणारी पोरं, जिन्यावर चढवलेली म्हैस, शाळेतल्या छावणीत भात शिजवणारी आमची शेजारीण. चेहरे ओळखू येतील असेच काढले होते.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पाहिलं तर सगळ्या चेहऱ्यांना काळा ऑइल पेंट फासलेला आणि भात शिजवणाऱ्या शेजारणीच्या अंगावर एक घाणेरडा शब्द लिहिलेला. कुणीतरी त्यावर चुन्याचा हात मारला, पण शब्द अजून वाचता येतो. त्या रात्री मागच्या गल्लीतली तीन पोरं मोटारसायकलवरून गेली म्हणे. त्यांचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. काहीजण म्हणतात पोलिसांत द्या आणि कॅमेरा लावा. मागच्या गल्लीतली पोरं तशीच. काहीजण म्हणतात भिंत पांढरी करून देवांच्या टाइल्स बसवा. माझा विद्यार्थी म्हणतो, मी आता तिथे हात लावणार नाही. तक्रारीवर पहिली सही मी करावी असा सगळ्यांचा आग्रह आहे. त्या तिघांतला एक माझ्या वर्गात होता. त्याची आई रोज आमच्या दारी भाजी घेऊन येते, आणि मला तिच्याकडे पाहवत नाही. काय करू?

उत्तर:

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पोलीस, कॅमेरा, टाइल्स, सही या सगळ्यांवर लिहिते, पण त्याआधी एका माणसाबद्दल बोलायला हवं, आणि त्या माणसाला तुमच्या पत्रात फार थोडी जागा मिळाली आहे. भात शिजवणारी तुमची शेजारीण त्याच गल्लीत राहते ना? दूध आणायला, दळण टाकायला, लेकीसुनेला बसस्टॉपवर सोडायला ती त्या भिंतीवरूनच जाते. महिनाभर तो शब्द तिथे आहे, आणि गल्लीत वाद चालला आहे तो कॅमेऱ्याचा. बाकीच्यांचं चित्र खराब झालं. तिची मात्र चारचौघांत अब्रू काढली गेली, आणि तिला कुणी काही विचारल्याचं पत्रात नाही.

तेव्हा आजच्या आज एवढं करा. उजेडात भिंतीचे फोटो काढा, लांबून आणि जवळून, तारखेसह. मग तो शब्द झाका. चुना पातळ असतो आणि ऑइल पेंटवर तो धरत नाही, म्हणून शब्द दिसतोच. तूर्त जाड कागद, ताडपत्रीचा तुकडा, काहीही चालेल. आणि संध्याकाळी तिच्याकडे जा. चित्रात तिचा चेहरा पुन्हा हवा का, हे तिने सांगायचं. ती नको म्हणाली तर नको. गल्लीला कितीही वाटलं की तिला सन्मानाने परत आणू, तरी चेहरा तिचा आहे. कदाचित ती म्हणेल, नुसतं पातेलं काढा, मला काढू नका. मग पातेलं काढा.

झाकण्यावर मी इतका जोर देते आहे त्याला एक आधार आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराच्या विदिंग्टन भागात मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूचं एक मोठं भित्तिचित्र आहे. रॅशफर्ड त्याच शहरातला. करोनाच्या काळात गरीब मुलांना सुट्टीतही शाळेचं मोफत जेवण मिळावं म्हणून तो सरकारशी भांडला होता. त्याचं हे चित्र नोव्हेंबर २०२०मध्ये एका कॅफेच्या भिंतीवर काढलं गेलं, तेही तिथल्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या भित्तिचित्र उपक्रमातून. ११ जुलै २०२१ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरलं. पेनल्टी हुकलेल्या तिघांत रॅशफर्ड होता. तिघेही कृष्णवर्णीय. त्याच रात्री कुणीतरी त्या चित्रावर शिव्या लिहिल्या. सकाळी शेजाऱ्यांनी पहिलं काम केलं ते कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवून शिव्या झाकण्याचं. मग कुणीतरी कागदाचं हृदय चिकटवलं, कुणी चिठ्ठी. मुलांनी पत्रं लिहून लावली, आणि बघता बघता भिंत कागदांनी भरून गेली. दोनच दिवसांत चित्रकाराने येऊन मूळ चित्र दुरुस्त केलं. त्या चिठ्ठ्याही फेकून न देता जतन केल्या गेल्या.

या घटनेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की शेजारी गुन्हेगार सापडायची वाट पाहत थांबले नाहीत. ज्याने काळं फासलं त्याला वाटलं असेल की आता ही भिंत आपण म्हणू तशी दिसेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तशी दिसत नव्हती. तुमच्या गल्लीत महिना गेला आहे. अजूनही उशीर झालेला नाही, पण आता सभा घेत बसू नका.

त्याच घटनेत आणखी एक गोष्ट आहे. त्या रात्री तिन्ही खेळाडूंवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला होता. तो खराच होता. त्यामुळे भिंतीवरचं लिखाणही वर्णद्वेषीच असणार असं जगाने धरून घेतलं. पुढे मँचेस्टरच्या पोलिसांनी सांगितलं की भिंतीवरचा मजकूर वर्णद्वेषी स्वरूपाचा असल्याचं दिसत नाही. शिव्या त्या शिव्याच, त्याने कृत्य सौम्य होत नाही. पण कुणी आणि का केलं हे डोळ्यांनी न पाहता ठरवायची घाई चांगली, सुजाण माणसंही करतात, तशी ती तुमच्या गल्लीतही झाली आहे.

तीन पोरं मोटारसायकलवरून गेली. बस, एवढंच ना? रात्री रस्त्यावरून जाणं हा पुरावा होत नाही. तो फोटो आजच ग्रुपवरून काढायला लावा, आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही सांगा. तुम्ही शाळेतल्या बाई, तुमचा शब्द गल्ली ऐकते. पोरं अठराच्या आतली असतील तर बाजू आणखी नाजूक आहे. अल्पवयीन मुलावर काही आरोप असेल तर ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि चौकशीतल्या मुलाची ओळख जाहीर करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. न्यायालय जे झाकून ठेवतं ते गल्लीच्या ग्रुपवर उघडं पडलं, तर पोर निर्दोष ठरूनही सांगलीसारख्या गावात ‘तो भिंतीवाला’ म्हणून वर्षानुवर्षं ओळखलं जाईल.

सही करा. तक्रार देऊ नका असं मी म्हणणार नाही. एका बाईविरुद्ध सार्वजनिक जागी अश्लील शब्द लिहिला गेला आहे, तो पोलिसांच्या कागदावर यायला हवा. मात्र तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध द्या. कधी पाहिलं, काय दिसलं, कोणते फोटो आहेत, चित्र कधी आणि कुणाच्या परवानगीने काढलं, एवढंच लिहा. ‘संशय आहे’ या शब्दामागे तिघांची नावं घालू नका. पोलिसांनी विचारलं तर मोटारसायकल ज्याने पाहिली त्याने ती पाहिली एवढं सांगावं. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक नजरेत येणारी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. पण घरमालकाची आणि महापालिकेची परवानगी तुमच्याकडे कागदावर आहे का? ‘काका हो म्हणाले होते’ यावर बऱ्याच गल्ल्यांतली चित्रं उभी असतात, आणि काका गेले की मुलगा भिंतीवर जाहिरात रंगवायला देतो. हे कागद आता करून घ्या. तक्रारीवर पहिली सही मालकांची हवी, कारण भिंत त्यांची. दुसरी तुमची चालेल. आणि शेजारणीची इच्छा असेल तर तिचीही, पण इच्छा असेल तरच.

कॅमेरा लावायचा तर गल्लीच्या तोंडाशी लावा. त्याने पुढच्या वेळी उपयोग होईल. टाइल्सना मात्र माझा ठाम विरोध आहे. जिन्यांत, कंपाउंडच्या भिंतींवर थुंकू नये, लघवी करू नये म्हणून गणपती, साईबाबा, क्रूस, काबा यांच्या टाइल्स ओळीने लावायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. मला ते प्रत्येक वेळी बघून वाईट वाटतं. ज्याला आपण हात जोडतो त्याला आपण पिंक अडवायला उभं करतो. आणि तुमच्या भिंतीवर तर त्याचा अर्थ असा होईल की पुरात माणसांनी माणसांना वाचवल्याची गोष्ट पुसली, कारण ती आपल्याला राखता आली नाही. उद्या त्या टाइलवर कुणी रंग उडवला तर गल्लीतलं भांडण धर्माचं होऊन बसेल. ही जोखीम कशाला घ्यायची?

आता मागच्या गल्लीबद्दल. तुमच्या पत्रात मागची गल्ली दोन वेळा येते आणि दोन्ही वेळा संशयापुरतीच येते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. एवढं पाणी पुढची गल्ली आणि मागची गल्ली असं बघून शिरत नाही. मग मागच्या गल्लीचं त्या आठ-दहा दिवसांत काय झालं? होडी तिकडे कधी पोचली? छावणीतला भात त्यांनीही खाल्ला असेल, काहींनी लाकडं आणली असतील, पातेली घासली असतील. भिंतीवर त्यांच्यातलं कुणी आहे का? मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आराखडा झाला तेव्हा त्यांना बोलावलं होतं का, रंगाच्या दिवशी त्यांची मुलं आली होती का, की कडेला उभी राहून बघत होती, हे आठवून बघा.

माझं म्हणणं चुकीचं समजू नका. चित्रात जागा मिळाली नाही म्हणून एका बाईबद्दल घाण लिहायचा हक्क कुणाला मिळत नाही. ज्याने हे केलं तो समोरच्या दारातला, तुमच्या वर्गणीदारांतलाही असू शकतो. जुना राग, नळावरचं भांडण, दारू, काहीही. मी विचारते आहे ते पुढच्या चित्रासाठी. ज्या घराचं माणूस भिंतीवर आहे, ते घर रात्री कुत्रं भुंकलं तरी खिडकी उघडून बघतं. ज्यांचं तिथे काहीच नाही, त्यांनी ती का राखावी? तुमच्या चित्राला पहारा वाढवायचा असेल तर त्यात माणसं वाढवा.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. शहरभर भिंतींवर स्प्रेने नावं खरडणाऱ्या पोरांना आवर घालायला १९८४ साली तिथले महापौर विल्सन गूड यांनी एक मोहीम सुरू केली. त्यात जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीला घेतलं. तिने त्याच पोरांना हाताशी धरून भिंती रंगवायला घेतल्या, कारण उंच भिंतीवर अंधारात हात चालवणारा पोरगा काही बाबतींत तयार चित्रकारच असतो. त्या मोहिमेतून पुढे शहराचा भित्तिचित्र कार्यक्रम उभा राहिला आणि आज त्याच्या खात्यावर चार हजारांहून जास्त चित्रं आहेत. बाई, तुम्ही आयुष्यभर शाळेत हेच केलं आहे. बाक कोरणाऱ्या मुलाच्या हातात तुम्ही कधीतरी लिनोकटची पटाशी दिली असेलच.

म्हणून नव्या आराखड्यासाठी मागच्या गल्लीला बोलावणं धाडा. संशयित म्हणून नको, सगळी गल्ली म्हणून. त्यांच्याकडच्या दोनतीन वयस्कर बायकांकडून पुराच्या गोष्टी ऐका आणि त्यातली एखादी भिंतीवर घ्या. ती तीन पोरं आली तर येऊ द्या. चौकशी न करता ब्रश द्या. मात्र ‘तूच काळं केलंस, आता तूच पुस’ असं सगळ्यांदेखत त्यांच्याकडून करून घेऊ नका. ज्याने केलं नसेल त्याच्यावर तो कायमचा डाग, आणि ज्याने केलं असेल तो दुसऱ्या रात्री डबा घेऊन परत येईल. पुढेमागे खरंच कुणी सापडला आणि त्याने कबूल केलं, तर त्याने माफी मागायची ती शेजारणीची, आणि ती ऐकायची का, कुठे ऐकायची, हे तिने ठरवायचं. गल्लीने तिच्या वतीने उदार होऊ नये.

तुमच्या विद्यार्थ्याला थोडा वेळ द्या. त्याच्या हातचं काम बिघडलं आहे आणि आता सगळे त्याला समजावत असतील की मनाला लावून घेऊ नको. लावून घेऊ दे त्याला. पण त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊ नका. नैतिक अधिकार, म्हणजे आपलं काम कुणी बिघडवू नये असं म्हणायचा हक्क, आपल्या कायद्यातही चित्रकाराला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं कांस्य भित्तिशिल्प १९७९मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकलं. सेहगल कोर्टात गेले, आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. विकत घेतलेल्या, सरकारी भिंतीवरच्या कामातही कलाकाराचा शब्द राहतो, हे त्या निकालाने पक्कं केलं. तुमच्या गल्लीत कोर्टाचं कारण नाही, पण मान तोच. तो म्हणाला, मी येत नाही, तुम्ही करा, तर ते त्याच्याकडून नीट ऐकून घ्या. बहुधा तो पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी येऊन लांब उभा राहील.

दुरुस्तीच्या कामाचं तुम्हाला मी काय सांगणार, तरी ऑइल पेंटपुरतं सांगते, कारण घाईत तिथेच चुकतं. थिनरने पुसायला जाऊ नका. खालचं इमल्शनही सुटेल आणि काळं दुप्पट पसरेल. काळा भाग पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी मारा, धूळ पुसा, डाग दाबणारा प्रायमर द्या, आणि मग इमल्शनचे दोन हात. प्रायमर टाळला तर गुळगुळीत ऑइल पेंटवर वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. परतीचा पाऊस अजून यायचा आहे. पुराचं पाणी प्यायलेल्या जुन्या विटांच्या भिंतीतून क्षार बरीच वर्षं बाहेर येत राहतात, ओल्या भिंतीवर रंगवलंत तर फुगे धरतील. तेव्हा आत्ता फक्त झाकणं, प्रायमर आणि पार्श्वभूमीच्या रंगाचा एक हात, तोही चार दिवस कडक उघडीप मिळाली तर. चेहरे दिवाळीनंतर. वाट बघायचे हे दोन महिने मागच्या गल्लीच्या गोष्टी ऐकायला पुरतील. सगळं झाल्यावर वरून पारदर्शक लेप द्यायचा असेल तर भित्तिचित्रांसाठी मिळणारा घ्या. त्यावरचा नंतरचा रंग खालचं चित्र न बिघडवता काढता येतो. खर्च वाढेल, पण निदान माणसाच्या उंचीपर्यंत तरी द्या.

काहीजण म्हणतील, काळे चेहरे तसेच राहू द्या, लोकांना कळू दे काय झालं. हा विचार मी धुडकावत नाही. जगात काही ठिकाणी जखम मुद्दाम ठेवतात. पण रोज तिथून जाणारी पोरं आपल्या आईबापाचे काळे फासलेले चेहरे बघत वाढावीत असं मला वाटत नाही.

राहिली भाजीवाली. तिला तुम्ही टाळताय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असेल, आणि फोटोही तिच्यापर्यंत पोचला असेल. तुम्ही सही करण्याआधी तिच्याशी बोला. सकाळी दारात, मापं चालू असताना, शेजारपाजार ऐकत असताना नको. दुपारी तिच्या घरी जा, एकट्या. तिला सांगा: ‘तुमच्या पोराचा फोटो आमच्या गल्लीने फिरवला, तो मी काढायला लावला. त्याने हे केलं असं मी पाहिलेलं नाही आणि तसं मी कुठे लिहिणारही नाही. पण तक्रार मी देणार आहे, कारण तो शब्द एका बाईवर लिहिला आहे.’ पोरगा त्या रात्री कुठे होता हे विचारू नका. ती आपणहून काही बोलली तर ऐकून घ्या. बोलली नाही, रागावली, दार लावलं, तरी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी भाजी घ्या. आणि फोटो आधी काढायला लावून मगच तिच्या घरी जा.